जाण्याआधी वाचावा असा देश

परदेश प्रवासाची तयारी म्हणजे आपण काय करतो? तिकिटं काढतो, व्हिसा मिळवतो, गरम कपडे गोळा करतो, चकल्या आणि ठेपले डब्यात भरतो. तिथं काय स्वस्त मिळतं याची चौकशी करतो. बहुतेक देशांना एवढी तयारी पुरते. रोमला गेलं की रोम समोर उभं असतं. ताजमहाल, काही न वाचता गेलेल्यालाही, ताजमहालच दिसतो.

मंगोलियाचं तसं नाही. क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाच महाराष्ट्र मावतील एवढं. लोकसंख्या मात्र सुमारे ३५ लाख. आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यातली जवळजवळ अर्धी माणसं उलानबातर या राजधानीत राहतात. बाकी सगळं गवत, डोंगर, वाळवंट आणि आकाश. ज्या काराकोरम शहरातून एके काळी चीनपासून इराणपर्यंतचा कारभार चाले, त्याला चंगेजखानाचा मुलगा ओगदेई यानं १२३५ मध्ये तट बांधला होता. आज तिथं उघडं माळरान आहे, उत्खननातले अवशेष आहेत आणि एक दगडी कासव आहे. शेजारी एर्देने झू नावाचा बौद्ध मठ आहे, तो साडेतीनशे वर्षांनंतरचा. वाचून न गेलेल्या माणसाला तिथं फक्त कासव दिसेल. हा देश दगडात कमी आणि शब्दांत जास्त शिल्लक आहे. यंदा मला तिकडे जाण्याचा योग आहे, म्हणून गेलं वर्षभर मी तो वाचतो आहे. त्या वाचनाविषयी आज थोडं बोलतो.

मंगोलियाबद्दल आपण अगदी काहीच ऐकलेलं नाही, असं नाही. एक नाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे, चंगेजखान. क्रूरपणाला आपल्या भाषेत तो एक पर्यायी शब्दच झाला आहे. आणि नावात ‘खान’ आहे म्हणजे तो मुसलमान असणार, अशीही आपल्याकडे अनेकांची समजूत असते. ‘खान’ ही मुळात मध्य आशियातल्या भटक्या टोळ्यांच्या प्रमुखाची पदवी. इस्लामशी तिचा संबंध नंतर आला. चंगेजखान सनातन निळ्या आकाशाला, म्हणजे ‘तेंगेर’ला मानणारा होता. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या तलवारीनं सर्वांत जास्त होरपळली ती मुसलमानांचीच शहरं. बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर आणि शेवटी १२५८ मध्ये बगदाद. अब्बासी खलिफाला ठार मारणारा हुलागू हा चंगेजखानाचा नातू. आज खान आडनावाच्या एखाद्या शेजाऱ्याला थट्टेनं ‘चंगेजखान’ म्हणणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसतो. थट्टा ज्याची होते, त्यालाही तो पुष्कळदा ठाऊक नसतो.

आणखी एक शब्द पाहा. मराठी इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात येणारा ‘मुघल’ हा शब्द म्हणजे ‘मंगोल’चंच फारसी रूप. बाबर वडिलांकडून तैमूरच्या आणि आईकडून चंगेजखानाच्या वंशातला. गंमत अशी, की त्याला अभिमान होता तैमूरच्या वंशाचा. मोगल टोळ्यांविषयी आपल्या आत्मचरित्रात त्यानं फारसं बरं लिहिलेलं नाही. पण घराण्याला नाव चिकटलं ते मुघल. नावं अशी इतरांनी दिलेली असतात आणि तीच टिकतात.

म्हणून मंगोलियाचं वाचन सुरू केलं, की पहिला प्रश्न येतो तो हा, की सांगणारा कोण आहे?

एक बाजू हरलेल्यांची. इब्न अल-अथीर हा अरबी इतिहासकार या संहाराचा समकालीन. या घटनेविषयी लिहायला आपण कित्येक वर्षं धजावलो नाही, असं तो सांगतो. बगदाद पडण्याच्या २५ वर्षं आधीच, १२३३ मध्ये, तो वारला. आपला अमीर खुसरो तर मंगोलांच्या हाती प्रत्यक्ष सापडला होता. १२८५ मध्ये मुलतानच्या बाजूला झालेल्या लढाईत बल्बनचा मुलगा शाहजादा मुहम्मद मारला गेला आणि त्याच्या पदरी असलेला हा कवी कैद झाला. पुढे तो निसटला. प्रेमाची इतकी गोड भाषा बोलणाऱ्या खुसरोची लेखणी त्या सैनिकांचं वर्णन करताना कडवट होते. ते समजण्यासारखं आहे.

दुसरी बाजू चाकरीत राहिलेल्यांची. अता-मलिक जुवैनी हा इराणी मुसलमान. त्याचं घराणं मंगोलांच्या सेवेत होतं. काराकोरमला जाऊन आल्यावर त्यानं फारसीत ‘जगज्जेत्याचा इतिहास’ लिहिला. १२५६ मध्ये हुलागूनं अलामूतचा किल्ला घेतला तेव्हा तिथलं ग्रंथालय जाळण्यापूर्वी त्यातली निवडक पुस्तकं यानं वाचवली. बगदाद पडल्यानंतर त्याच शहराचा कारभार त्याच्याकडे आला. पण त्याचा ग्रंथ मात्र बगदादच्या आधीच थांबतो. ज्या धन्याचं मीठ खायचं, त्याच्याच हातून आपल्या संस्कृतीची राजधानी बुडालेली. यावर लिहायचं तरी काय? त्याचं न लिहिणंही वाचावं लागतं.

तिसरी बाजू स्वतः मंगोलांची. ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ हे त्यांच्या भाषेतलं सर्वांत जुनं मोठं पुस्तक, १३ व्या शतकातलं. त्याची मूळ प्रत नाहीशी झाली. पुढे चीनमध्ये दुभाष्यांना मंगोल भाषा शिकवण्यासाठी कुणी तरी ते उच्चारांप्रमाणे चिनी अक्षरांत लिहून ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं. ज्ञानेश्वरी हरवावी आणि एखाद्या परक्या कारकुनाच्या शिकवणीच्या वहीतून ती परत मिळावी, तसा हा प्रकार! पॅलेडियस या रशियन धर्मोपदेशकानं १८६६ मध्ये त्याचं रशियन भाषांतर छापलं आणि जगाला ते कळलं. इगोर द राखेविल्ट्झ यांच्या इंग्रजी भाषांतराची आटोपशीर आवृत्ती २०१५ पासून इंटरनेटवर विनामूल्य मिळते.

हे पुस्तक उघडलं, की जगज्जेता कुठं दिसतच नाही. दिसते एक विधवा आई. टोळीवाले तिला आणि तिच्या मुलांना माळावर सोडून निघून जातात. ती कंदमुळं उकरून, रानफळं वेचून पोरं जगवते. थोरला तेमुजिन भावाच्या मदतीनं सावत्र भावाला बाण मारून ठार करतो. निमित्त काय, तर धरलेला एक मासा हिसकावून घेतला. आई त्याला अशी फैलावर घेते, की वाचणाऱ्यानं मान खाली घालावी. हाच तेमुजिन १२०६ मध्ये चंगेजखान झाला. त्याच्या लोकांनी त्याचं चरित्र लिहिलं, त्यात हे पाप झाकलेलं नाही. त्याच पुस्तकात आलान गोवा नावाची पूर्वज माता आपल्या पाच मुलांना एकेक बाण मोडायला देते, मग पाच बाण एकत्र बांधून देते. ते मोडत नाहीत. आपण शाळेत काठ्यांच्या मोळीची गोष्ट वाचली आहे, तीच ही.

कवी म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट सापडली. या पुस्तकाचा बराच भाग पद्यात आहे आणि मंगोल पद्याचं यमक ओळीच्या सुरुवातीला जुळतं. आपल्या अभंगात, ओवीत, गझलेत यमक शेवटी येतं. ओळ कुठं पोचणार याची उत्सुकता असते. तिथं ओळी एकाच अक्षरापासून सुटतात, शर्यतीच्या घोड्यांसारख्या.

मग खरी बाजू कोणती? मला वाटतं, दोन्ही एकाच वेळी हाती धरता आल्या पाहिजेत. मंगोल सम्राट मोंग्के याच्या दरबारात रुब्रुकचा विल्यम हा ख्रिस्ती साधू १२५४ मध्ये होता. काराकोरममध्ये दोन मशिदी, एक चर्च आणि मूर्तिपूजकांची बारा देवळं असल्याचं त्यानं नोंदवलं आहे. मोंग्केनं तिथं ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध पंडितांचा जाहीर वाद घडवून आणला. निरनिराळे धर्म म्हणजे एकाच हाताची बोटं, अशा अर्थाचं तो विल्यमला बोलला. वाचून आनंद होतो. पण हुलागूला पश्चिमेकडे फौज देऊन पाठवणाराही हाच मोंग्के. आणि बगदाद बुडवणाऱ्या त्याच हुलागूनं पुढच्याच वर्षी नासिरुद्दीन तुसी या मुसलमान विद्वानासाठी इराणात मरागा इथं वेधशाळा उभारायला घेतली. यातली एकच ओळ उचलली, की एकतर राक्षस तयार होतो, नाहीतर देव. पंडित नेहरूंनी तुरुंगातून इंदिरेला लिहिलेल्या जगाच्या इतिहासात चंगेजखानावर रंगून लिहिलं आहे, पण संहाराकडे डोळेझाक केलेली नाही. तसं वाचायला शिकायला हवं.

विल्यमच्या प्रवासवर्णनाचा एक रोकडा उपयोगही आहे. मंगोलांच्या तंबूच्या उंबरठ्यावर पाय द्यायचा नसतो. विल्यमचा सोबती मागे सरताना उंबरठ्यावर अडखळला, तर त्याची चौकशी झाली आणि दरबारात त्याला पुन्हा प्रवेश मिळाला नाही. आज पावणेआठशे वर्षांनंतरही पशुपालकांच्या गोल तंबूत, ज्याला ते ‘गेर’ म्हणतात, शिरताना हाच नियम आहे. उंबऱ्यावर उभं राहू नकोस, असं आजीकडून ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे शिकवावं लागणार नाही. गेरचं दार दक्षिणेला असतं. दिलेली वाटी उजव्या हातानं घ्यायची. वाटीत दूध-मीठ घातलेला चहा असतो, नाहीतर आंबवलेलं घोडीचं दूध. चहाला ते ‘त्साय’ म्हणतात, तेव्हा ओळख पटायला वेळ लागत नाही.

ओळखीच्या खुणा आणखीही आहेत. मंगोलियाच्या झेंड्यावर ‘सोयोम्बो’ नावाचं चिन्ह आहे. तो शब्द म्हणजे आपला ‘स्वयंभू’. झानाबझार हा १७ व्या शतकातला थोर बौद्ध धर्मगुरू आणि शिल्पकार. त्यानं १६८६ मध्ये भारतीय लिप्यांच्या वळणावर एक लिपी तयार केली, तिचं ते नाव. ‘रत्न’ हा शब्द अनेक भाषांतून प्रवास करत तिथं ‘एर्देने’ झाला. काराकोरमशेजारच्या मठाच्या नावात तो आहेच.

पण विसाव्या शतकाचं वाचल्याशिवाय जाऊ नये. सोव्हिएत छायेखालच्या राजवटीनं १९३७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत हजारो लामांना ठार केलं, शेकडो मठ पाडले. १९४० च्या दशकात उभी मंगोल लिपी जाऊन रशियन लिपी आली. चंगेजखानाचं नाव गौरवानं घेणं धोक्याचं ठरलं. त्याचा स्मृतिस्तंभ उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या एका नेत्याला १९६२ मध्ये पद गमवावं लागलं. १९९० मध्ये लोकशाही आली आणि लोक आपलं हरवलेलं शोधू लागले. त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे तिथं गेले आणि दहा वर्षं राहून त्यांनी मठ पुन्हा उभे करण्यास हात दिला. १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कामकाजात रशियन लिपीबरोबर जुनी उभी लिपीही वापरण्याचा कायदा लागू झाला आहे. आज उलानबातरला चंगेजखानाचे पुतळे पाहून कुणाला खटकेल. पण आजोबांचं नाव घ्यायलाही बंदी असलेल्या घरातली ती माणसं आहेत, हे वाचलेलं असलं तर खटकलं तरी समजेल.

आता प्राण्यांकडे वळू. मंगोलियाचा रानघोडा ‘ताखी’ हा पाळीव घोड्याचा चुलता. पाळीव घोड्यात गुणसूत्रं ६४, याच्यात ६६. रानात तो शेवटचा दिसला १९६९ मध्ये, गोबीच्या कडेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या, जेमतेम डझनभर पूर्वजांपासून वाढलेल्या घोड्यांतून काही १९९२ मध्ये परत आणून सोडले. आज उलानबातरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर हुस्ताई राष्ट्रीय उद्यानात त्यांचे कळप चरतात. हे माहीत नसेल, तर तिथं चरताना दिसतील नुसते बुटके, पिवळट घोडे. गोबीतलं ‘मझालाई’ अस्वल तर पन्नासाच्याही आत उरलं आहे. हिमबिबट्या दिसणं नशिबाची गोष्ट. पाऊलखुणा दिसल्या तरी धन्य मानावं.

वाचन जीवही वाचवतं. तिथं मार्मोट नावाचा बिळात राहणारा, गुबगुबीत प्राणी आहे. त्याच्यामार्फत प्लेग माणसापर्यंत पोचतो. २०१९ मध्ये पश्चिम मंगोलियात त्याचं कच्चं मांस खाल्ल्यानं एक जोडपं दगावलं. तेव्हा तो लांबूनच पाहावा. आणि ‘झुद’ हा शब्द पाठ करून जावा. उन्हाळा कोरडा, मग हिवाळा असा कडक, की बर्फाखालचं गवत जनावराला खाताच येत नाही, याला झुद म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये ऐंशी लाखांहून अधिक जनावरं मेली. मराठवाड्यात दावणीची जनावरं बाजारात नेऊन सोडणारा शेतकरी ज्यानं पाहिला आहे, त्याला या शब्दाचं भाषांतर लागत नाही.

मंगोलियातून काही पाहुणे दर हिवाळ्यात आपल्याकडे येतात, हेही सांगायला हवं. पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला बदकासारखा मोठा पक्षी. तो उन्हाळ्यात मंगोलियातल्या तळ्यांकाठी अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून उजनीच्या, जायकवाडीच्या पाण्यावर उतरतो. त्याला व्हिसा लागत नाही. त्याच्या वाटेच्या दोन्ही टोकांना पाणी आणि शांतता लागते, एवढंच.

मंगोलियाला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे, की आधी मंगोलांनी स्वतःविषयी लिहिलेलं वाचा, मग त्यांनी ज्यांची शहरं बुडवली त्यांचं वाचा, आणि मग आजच्या पशुपालकांविषयी वाचा. तिन्ही वाचून गेलात, तर गेरमध्ये चहाची वाटी पुढे करणारी बाई तुम्हाला चंगेजखानाची वारस म्हणून दिसणार नाही. गेल्या हिवाळ्यात किती मेंढ्या वाचल्या, एवढं तिला विचारायला तुम्हाला सुचेल. बोलणं तिथूनच सुरू होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)