पेर्शराँ घोडा
पेर्शराँ घोडा : फ्रान्समधील ओढकामाच्या घोड्यांची एक प्रसिद्ध जात. वायव्य फ्रान्समधील पेर्श या जुन्या प्रांतावरून तिला हे नाव पडले. नॉर्मंडीच्या दक्षिणेस वीन नदीच्या खोऱ्यात व आसपास पसरलेला हा कुरणांचा प्रदेश आता मुख्यत्वे ऑर्न, अर-ए-ल्वार व सार्त या विभागांत मोडतो.

या घोड्यांचा रंग करडा किंवा काळा असतो. फ्रान्समधील वंशावळ नोंदवहीत इतर रंगांना स्थान नाही. करड्या घोड्यांची शिंगरे जन्मतः काळसर असून वयाबरोबर ती उजळत जातात. खांद्याजवळील उंची सु. १५५ ते १८५ सेंमी. व वजन ५०० ते १,२०० किग्रॅ. असते. वजनातील ही मोठी तफावत जातीच्या इतिहासातून आली आहे. कपाळ रुंद, डोळे मोठे, कान लहान, छाती रुंद व खोल, पाठ आखूड आणि पुठ्ठे भरदार असतात. शायर किंवा क्लाइड्सडेल या ब्रिटिश जातींप्रमाणे पायांवर लांब केसांचे झुबके नसल्यामुळे चिखलात काम करूनही पाय स्वच्छ ठेवणे सोपे जाते. घोडा शांत व कामसू असून अवजड शरीराच्या मानाने त्याची चाल हलकी असते.

इ. स. ७३२ मधील प्वात्येच्या लढाईनंतर हाती लागलेल्या अरबी घोड्यांपासून ही जात उत्पन्न झाली, अशी आख्यायिका आहे. तिला विश्वसनीय पुरावा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मात्र ल प्यँ येथील शासकीय अश्वपैदास केंद्रातील अरबी नरांचा उपयोग स्थानिक घोड्यांच्या सुधारणेसाठी करण्यात आला. याच काळातील झाँ-ल-ब्लाँ हा नर आधुनिक पेर्शराँचा मूळ पुरुष समजला जातो.

त्या वेळी टपाल व उतारू नेणाऱ्या गाड्यांना वजन ओढूनही दुडक्या चालीने धावणारा घोडा हवा होता. पेर्शराँ दिवसाला ६० किमी.पर्यंत मजल मारी. करडा रंग रात्री चटकन दिसतो, हाही त्याचा एक गुण मानला जाई. लोहमार्ग आल्यावर हे काम संपले, तरी पॅरिसमध्ये १८५५ साली स्थापन झालेल्या ऑम्निबस कंपनीला अशाच घोड्यांची गरज होती. तेथील घोड्यांच्या ऑम्निबस १९१३ पर्यंत चालल्या. पॅरिसच्या घोडेबाजारावरील रोझा बॉनर यांच्या विख्यात चित्रात याच जातीचे घोडे दिसतात. ते चित्र सध्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

अमेरिकेत हे घोडे प्रथम १८३९ मध्ये एडवर्ड हॅरिस यांनी नेले. पहिल्या चार घोड्यांपैकी एकच सागरप्रवासातून वाचला, तरी हॅरिस यांनी पुन्हा घोडे मागविले आणि त्यांतील दिलिझाँस या नराची सु. ४०० शिंगरे झाली. पुढे विस्तीर्ण शेतांवरील अवजारे ओढण्यासाठी अमेरिकी खरेदीदार अधिकाधिक वजनदार घोडे मागू लागले व पेर्शमधील पैदासकारांनीही तसेच घोडे निपजविले. जातीच्या शुद्धतेच्या रक्षणार्थ १८८३ मध्ये फ्रान्समध्ये पेर्शराँ अश्वसंस्था स्थापन होऊन वंशावळ नोंदवही सुरू झाली. १९३० च्या गणनेत अमेरिकेतील शुद्ध जातींच्या ओढकामाच्या घोड्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक पेर्शराँ होते. ट्रॅक्टरने हे चित्र इतक्या झपाट्याने पालटले, की १९५४ साली तेथे अवघ्या ८५ घोड्यांची नोंद झाली. आमिश पंथीयांसारख्या, घोड्यांनीच शेती करणाऱ्या थोड्या लोकांमुळे तेथे जात टिकून राहिली.

फ्रान्समध्ये ती टिकली ती मांसासाठी. कत्तलखान्याला चपळ चालीशी कर्तव्य नसल्याने पैदासकारांनी केवळ वजनाकडे लक्ष पुरविले आणि जुन्या गाडीच्या घोड्याचा बांधा जवळजवळ लोपला. १९६६ मध्ये ओझराँ, निव्हेर्ने इ. जवळच्या जातींचा समावेश याच नोंदवहीत करण्यात आला. पुढे सहलीच्या गाड्या, द्राक्षमळ्यांतील मशागत व जंगलातील ओंडके ओढणे या कामांसाठी हलक्या, चपळ घोड्यांना पुन्हा मागणी येऊ लागली. जपानमध्येही पेर्शराँची निर्यात झाली असून होक्काइडो येथील अवजड घसरगाड्या ओढण्याच्या शर्यतींत धावणाऱ्या घोड्यांत त्याच्या रक्ताचा अंश आहे.