मोगलाईत जाणारी पांदण

मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची गिअरची सायकल आमच्या फुलसावंगीच्या घरी, कापसाच्या खोलीत राहिली. दोन हंगाम तिच्यावर पोत्यांची थप्पी होती. तिसऱ्या वर्षी वेचणीच्या आधी खोली झाडताना ती बाहेर काढली, धुतली आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत एक चक्कर मारून बघू म्हणून बसले. चौक ओलांडला तोच सलवार साखळीत अडकली. या सायकलींच्या साखळीवर झाकण नसतं, हे पडल्यावर कळलं. तेव्हापासून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावते. सायकल विकायची राहून गेली, त्याला आता पाच वर्षं होतील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय बावन्न. रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघाले की चहाच्या टपरीवरून हमखास आवाज येई, "मॅडम, स्कुटी बिघडली काय?" पहिलं वर्षभर मी समजावून सांगायचे. मग नुसतं "हो" म्हणायला लागले.

ही माउंटन बाइक म्हणजे नेमकं काय, हे मला सातवीच्या पोरांनी शिकवलं. गुणोत्तर शिकवायचं होतं म्हणून सायकल वर्गाबाहेर उलटी ठेवली आणि दाते मोजायला लावले. पुढचं सगळ्यात लहान चक्र २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठंही २८चं. म्हणजे पायडलाचा एक फेरा, चाकाचाही एकच फेरा. टायरवर खडूची खूण करून अंगणात मोजलं तर सायकल दोन मीटरच्या जराशी पुढे गेली. शेजारी शिपाईदादांची जुनी काळी सायकल होती. तिला पुढे ४४ आणि मागे १८ दाते. तिचा एक फेरा जवळजवळ साडेपाच मीटरचा. सपाटीवर काळी सायकल जिंकते, पण चढावर तिचं पायडल दगडासारखं जड होतं. गिअरची सायकल तोच चढ अडीचपट फेऱ्यांत वाटून देते. ताकद कमी लागते, पाय मात्र फिरत राहावे लागतात. बाकी मग रुंद, दातेरी टायर, पुढे शॉकअप आणि सरळ हँडल. तीस-चाळीस हजारांच्या खालची सायकल म्हणजे खेळणं, असं शहरातले सायकलवाले सांगतात. आमच्या पांदणीला किंमत वाचता येत नाही.

पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी बैलगाडीची वाट. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची पट्टी. डावीकडे पऱ्हाटी, उजवीकडे तूर, बांधावर पळस आणि बोराटी. या वाटेवर पावसाळ्यात सायकल घालू नये. काळी माती चाकाला अशी चिकटते की ब्रेकच्या फटीत गच्च बसते आणि सायकल जागची हलत नाही. मग काडीनं खरवडत बसायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४३-४४च्या पुढे जातो, तेव्हा नावच नको. दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस आपले.

पण त्याच दिवसांत सराटा वाळतो. जमिनीला चिकटून वाढणारं हे तण. त्याचं फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर राहतोच. पहिल्या वर्षी एका सकाळी माझी ट्यूब दोनदा बसली. पहिलं पंक्चर मी मोठ्या ऐटीत स्वतः काढलं होतं. अर्ध्या किलोमीटरवर हवा पुन्हा गेली. बकऱ्या चारणारे एक आजोबा बांधावर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "काटा काहाडला का पहिले? मंग होईनच ना पंचर!" त्यांनी टायरच्या आतून अंगठा हळूहळू फिरवला, एका जागी थांबले आणि नखानं मोहरीएवढं टोक उपटून माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून ते दिसतही नव्हतं. जनावरांच्या हौदात ट्यूब बुडवली, बुडबुडा आला तिथे खूण केली, पोलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावून वाळू दिलं आणि मग चकती. आता मी टायर उघडला की आधी अंगठा फिरवते. आणखी एक सांगते. सायकल घेताना तिचा वाल मोटारसायकलीसारखा जाड आहे ना, ते बघा. बारीक वाल असला तर खेड्यातल्या पंक्चरच्या दुकानात त्यात हवा भरता येत नाही.

माझी आवडती फेरी माहूरची. पांदणीनं जायचं, मधेच डांबरी लागते, पुन्हा मातीची वाट, आणि मग पैनगंगा. पुलावर मी दरवेळी उतरते. आज ही नदी यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या मधे आहे, पण आमच्या सासूबाई पलीकडच्या काठाला अजून मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, म्हणतात. १८५३च्या तहानं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, माहूरकडचा मुलूख निजामाकडेच राहिला. नदीच्या अलीकडे इंग्रजांचा रुपया, पलीकडे निजामाचा हाली सिक्का आणि मालावर करोडगिरी म्हणजे जकात. माहूरच्या रेणुकादेवीला जायचं तर नाणं बदलून जायचं. १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५६मध्ये किनवटकडचा भाग आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला. सासूबाईंच्या बोलण्यात मात्र सरहद्द जागची हललेली नाही.

माहुरात शिरलं की मी आधी पांडवलेणीकडे वळते. रेणुकेच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांपैकी फार थोड्या इथे थांबतात. काळ्या पाषाणात कोरलेले जाड खांब, आत महादेवाची पिंड, वटवाघळांचा उग्र वास. नाव पांडवांचं, पण काम राष्ट्रकूटांच्या काळातलं मानतात. घामेजलेली पाठ खांबाला टेकवली की हजारेक वर्षांचा गारवा फुकट मिळतो. हात मात्र कोरीव कामाला लावू नये.

मग किल्ला. पुस्तकात वाचलं होतं की माहूरच्या गडाला तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा आहे. वाचलं आणि विसरले. गावातून वर जाणाऱ्या घाटात, सगळ्यात हलक्या गिअरवरही, श्वास पुरेनासा झाला तेव्हा ते वाक्य आठवलं. खाली नदी, वर सागाचं रान, मधे हा चढ. घोडा, हत्ती, तोफेचा गाडा यांना हाच चढ चढायचा होता. बसमधून आलात तर गड म्हणजे पडक्या भिंती. मांड्या भरून आल्या की कळतं, माणसांनी इथेच भिंती का बांधल्या.

शहाजहान बादशहा व्हायच्या आधी, शाहजादा खुर्रम असताना, बापाविरुद्ध बंड करून हरला आणि १६२३मध्ये दक्षिणेत पळत आला. माहूरला त्यानं हत्ती आणि जड सामान उदाराम या सरदाराच्या हवाली केलं आणि हलका होऊन कुतुबशाही मुलखातून ओरिसाकडे निघाला. मीही पाठीवरची पिशवी खाली नारळवाल्या मावशींकडे ठेवूनच घाट चढते. शाहजाद्याच्या अकलेबद्दल माझं मत तेवढ्यापुरतं चांगलं आहे.

त्याच उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई, तिला रायबागन म्हणजे राजवाघीण हा किताब मिळाला. मुलांना मी दरवर्षी उंबरखिंडीची लढाई शिकवते. २ फेब्रुवारी १६६१, मोगल सरदार कारतलबखान खिंडीत कोंडला, शिवाजी महाराजांनी त्याला शरण यायला लावलं. त्या फौजेत घोड्यावर एक बाई होती, शरण जाण्याचा सल्ला खानाला तिनंच दिला आणि ती आपल्या माहूरची होती, हे सांगितलं की वर्गातल्या मुली सरळ बसतात. मग कोणीतरी विचारतंच, "मॅडम, पण ती तर मोगलांकडून होती ना?" होती. शत्रूकडची होती आणि तिला खिंड वाचता येत होती. मी दोन्ही सांगते. गडाच्या हत्ती दरवाजाशी सायकल टेकवून बसले की मला तीच आठवते. दरवाजाच्या आत मी पायीच फिरते, तिथे सायकल चालवणं मला बरं वाटत नाही.

उतार चढापेक्षा अवघड. बूड सीटवरून उचलून मागे न्यायचं, कोपर आणि गुडघे सैल ठेवायचे, दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे आणि सोडायचे. नुसता पुढचा दाबलात तर डोक्यावरून पुढे. माउंटन बाइकचा हा खेळ अमेरिकेत जन्माला आला तोही असाच उतरताना. कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराजवळ १९७६च्या सुमारास काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उतरायच्या शर्यती लावत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसातच असे. खाली येईस्तोवर तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे. पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या वाटेचं नावच रिपॅक पडलं. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. हे मी शिपाईदादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ग्रीस तं आपणबी भरतो, शर्यतीचं कोणाले सुचलं नाही."

मुलगा फोनवर सहस्रकुंडाला जा म्हणतो, पैनगंगेचा तो धबधबा पावसाळ्यानंतर बघण्यासारखा असतो. लांब पडतं, एका रविवारात होत नाही. पैनगंगा अभयारण्याच्या बाजूनं मी एकटी सायकल घालत नाही. वनखात्याची परवानगी हवी, आणि रानडुकराशी ओळख वाढवायची मला हौस नाही.

परतताना रेणुकेचा तांबूल घेते. कुटलेला विडा, हिरवागार, पानात बांधलेला. सासूबाईंना दात नाहीत, त्यामुळे कुटलेलं पान ही त्यांची चैन. मागच्या रविवारी उशीर झाला, अकराचं ऊन डोक्यावर आलं होतं. त्या ओसरीवर बसल्या होत्या. पुडी हातात घेतली, नाकाशी नेली, माझ्या चिमटा लावलेल्या पायाकडे आणि धुळीनं माखलेल्या चाकांकडे बघितलं.

"मोगलाईतून केव्हा निघालीस?" त्यांनी विचारलं. "नाक्यावर कोणी अडवलं नाही ना?"