घरबसल्या पाहिलेले चित्रपट

अळणावरसारख्या गावी घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्याचे मत विचारतो कोण? तरी सांगतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) लहान पडद्यावरही लहान होत नाही. पागनीसांच्या मुद्रेवरचा भाव तसाच पोचतो. ‘मालगुडी डेज’मधले स्वामीचे करारी वडील, गिरीश कार्नाड, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले, म्हणून आम्हांला ते घरचेच वाटतात. पण जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (१९८२) तेच नवरा होतात, तेव्हा आमची बैठक गप्प होते. नवरा दुष्ट नाही, सभ्य आहे. म्हणूनच स्मिता पाटीलच्या सुलभाचे घर सोडणे अधिक बोचते. थिएटरात दिवे लागले की माणसे पांगतात. इथे सासू, सून, मुलगा एकाच सतरंजीवर! माझ्या मते ‘उंबरठा’ घरीच पाहावा.