मऊ काच हवी, पण मागायची कशी?

फुटक्या बांगड्यांचे तुकडे मेणबत्तीवर धरायचे, मऊ पडले की वाकवून एकमेकांत अडकवायचे आणि साखळ्या करून दाराला तोरण लावायचं, हा उद्योग एके काळी घरोघरी चाले. बांगडीची काच सोडा-चुन्याची. ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती पुरती मऊ होते आणि वाकायला त्याच्या आधीच तयार असते. नाशिकच्या एखाद्या कॉलेजात मात्र विद्यार्थी बर्नरवर नळी वाकवायला बसला, तर ती बहुधा ढिम्म हलत नाही. कारण नळी ‘बोरो’, म्हणजे बोरोसिलिकेट काचेची असते. तिला ८२० अंश लागतात, म्हणजे ऑक्सिजन जोडलेली ज्योत हवी.

‘कमी तापमानाला वितळणारी काच द्या’ असं दुकानात सांगून भागत नाही. बर्फ शून्याला वितळतो, तसा काचेला ठरावीक वितळणबिंदू नाही. तापेल तशी ती काकवीसारखी सैल होत जाते. म्हणून माहितीपत्रकात ‘सॉफ्टनिंग पॉइंट’, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, बघावा.

प्रयोगशाळांत बोरोसिलिकेट आली आणि तिथलीच झाली. त्याला कारणही तसंच आहे. ती तापून गार होताना सहसा तडकत नाही आणि पाण्यात अल्कली फारशी सोडत नाही. इंजेक्शनच्या कुप्यांना हाच दुसरा गुण लागतो. नाशिकच्या क्लासपॅक कंपनीत अशाच कुप्या बनत. तिचा निम्म्याहून जास्त हिस्सा बोरोसिल कंपनीने २०१६ साली घेतला. गंमत म्हणजे कुप्यांच्या या गावात शिकाऊ हाताला हवी ती साधी नळीच शोधावी लागते.

शिशाची काच आणखी मऊ, ६३० अंशांची; पण पिवळ्या ज्योतीत ती काळी पडते आणि शिसं हाताळायचं ते वेगळंच. ४५० अंशांना सांधणारी काचही असते. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचे भाग तिनेच जोडत. पण ती भुकटी, तिची नळी वाकवायला मिळत नाही. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी सोडा काचच बरी. ‘सोडा ग्लास ट्यूबिंग’ असं स्पष्ट मागावं.

दुकानदाराने दिलेली नळी कोणती, हे केमिस्टकडच्या ग्लिसरीनने कळतं. नळी त्यात बुडवा. बोरो जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक १.४७च्या आसपास आहे. सोडा काच १.५२ची, तिच्या कडा दिसत राहतात.

दोन जातींची काच मात्र जोडू नये. सोडा काच बोरोच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे गार होताना सांधा फुटतो. काच फुंकणारे याची खात्री आधीच करून घेतात. दोन्ही तुकडे शेजारीशेजारी तापवून चिकटवायचे आणि ओढून बारीक तार काढायची. तार सरळ राहिली तर जोडी जमते. धनुष्यासारखी वाकली, तर आतल्या बाजूला जी काच आहे ती जास्त आकसणारी.