वस्तीवरचा हिवाळा : गोठा, चूल आणि घर



दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की शिवारात पहाटेचं दव पडू लागतं. गावात घराला घर लागून असतं, त्यामुळे वारा अडतो. पण तुम्ही राहता मळ्यात, वस्तीवर. चारी बाजूंनी उघडं रान, जवळ विहीर, कडेला ऊस किंवा गहू. काही वस्त्यांवर विजेची तार अजून पोचलेली नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे तर काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. अशा वेळी दोन गाई, एक म्हैस, चार शेळ्या आणि दहा-बारा कोंबड्या एवढा संसार सांभाळायचा, तर बटण दाबून ऊब मिळत नाही. ती चारा, पाचट, गोणपाट आणि आपली अक्कल यांतूनच करावी लागते. ती कशी करायची, ते या पत्रकात सांगितलं आहे.

वारा अडवा, हवा कोंडू नका

मोठं, धडधाकट जनावर कोरडं असेल आणि पोटभर खाल्लेलं असेल, तर आपल्याकडची थंडी सहज सोसतं. त्याला बाधतो तो अंगावर येणारा वारा आणि अंगाखालची ओल. हिवाळ्यात आपल्याकडे गार वारा बहुतेक उत्तर आणि ईशान्येकडून येतो. म्हणून गोठ्याची ती बाजू आधी बंद करा. तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा कूड बांधून शेणानं सारवला तरी काम भागतं. उरलेल्या बाजूंना गोणपाट शिवून पडदे करा. दिवस मावळला की सोडायचे, उन्हं वर आली की गुंडाळायचे.

मात्र पडदा छपरापर्यंत नेऊ नका. वर हातभर जागा मोकळी ठेवा. का, ते ऐका. जनावराच्या श्वासातली वाफ आणि मुताचा उग्र वायू वर जातो. त्याला वाट मिळाली नाही, तर वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब खाली गळते आणि वायूनं वासरांच्या छातीचे आजार बळावतात. एक सोपी परीक्षा सांगतो. पहाटे गोठ्यात जा आणि वासराच्या नाकाच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले, तर समजा हवा कोंडली आहे. आपण उभे असतो म्हणून आपल्याला ते कळत नाही. वासरू मात्र रात्रभर तीच हवा घेत असतं.

अंगाखाली कोरडं हवं

जमिनीवर उसाचं पाचट, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचा भुसा चार बोटं जाड पसरा. रोज सकाळी ओला झालेला भाग तेवढा काढायचा आणि संध्याकाळी वर कोरडा थर द्यायचा. काढलेलं ओलं पाचट खड्ड्यात गेलं की खतच होतं. जनावरं सकाळी धुऊ नका. धुवायचीच असतील, तर दुपारी बाराच्या पुढं, उन्हात. एरवी खरारा करा. त्यानं अंगातलं रक्त खेळतं आणि हिवाळ्यात वाढणाऱ्या उवा, गोचिडाही नजरेला पडतात. म्हशीच्या अंगावर केस विरळ, तिला गाईपेक्षा थंडी लवकर लागते. रात्री तिला आतल्या बाजूला बांधा.

पोटातली शेगडी

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कडबा, सरमाड, पेंढा असा कोरडा चारा आंबतो, तेव्हा उष्णता तयार होते. म्हणजे जनावर आपली शेगडी पोटातच घेऊन हिंडतं. तिला सरपण द्यायचं काम आपलं. म्हणून हिरवा चारा दुपारी आणि कोरड्या चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी टाका. रात्रभर रवंथ चालते आणि ऊब टिकते. दुभत्या आणि गाभण जनावराला भरडा थोडा वाढवून द्या. थंडीत अंग गरम ठेवण्यातच बरीच ताकद खर्च होते. ती खुराकातून मिळाली नाही, तर दुधातून वजा होते.

इथं दोन गोष्टी सांभाळा. पहिली, लसूणघास किंवा बरसीम पहाटेचा, दवानं भिजलेला, रिकाम्या पोटी घालू नका. पोटफुगी होते आणि जनावर तासा-दोन तासांतही दगावू शकतं. आधी चार पेंढ्या कडबा, मग हिरवा. दुसरी गोष्ट, ऊसतोड सुरू झाली की वाढं फुकट मिळतं, म्हणून रोज तेच घातलं जातं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातला चुना ओढून घेतं. पुढं दूध घटतं, हाडं ठिसूळ होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत क्षारमिश्रण द्या आणि नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका.

पाणी कमी, तर दूध कमी

हौदातलं पाणी रात्रभरात बर्फासारखं गार होतं. जनावर तोंड लावतं आणि मागं सरतं. आपण म्हणतो, थंडीत तहानच लागत नाही. पण दुधात शंभरातले सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. ते कुठून यायचं? उपाय वस्तीवरच आहे. विहिरीचं ताजं पाणी पहाटे कोमट लागतं, हा अनुभव तुम्हालाही आहे. तेव्हा रात्रीचा हौद रिकामा ठेवा, सकाळी ताजं पाणी शेंदून पाजा. दुसऱ्यांदा दुपारी पाजा आणि तिसऱ्यांदा दिवस मावळायच्या आत.

धार काढून झाली की सड कोरड्या फडक्यानं पुसा. ओले राहिले की थंड वाऱ्यानं ते चिरतात, मग गाय लाथ मारते आणि चिरांतून रोग शिरून दगडी होते. चिरलेल्या सडांना धार काढल्यावर लोणी किंवा ग्लिसरीन लावा. लगेच गव्हाणीत चारा टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील आणि सडाचं तोंड मिटेपर्यंत खाली बसणार नाही.

रात्री गाय व्याली तर

पौषातली मध्यरात्र. कंदिलाच्या उजेडात गाय व्यायली. डॉक्टर दूर, रस्ता अंधाराचा. या पहिल्या तासात तुमच्या हातून जे होईल, त्यावर वासराचं जगणं ठरतं.

आधी नाकातोंडातला चिकटा पुसा. गाईला चाटू द्या, पण थंडीत तेवढ्यावर सोडू नका. कोरड्या गोणपाटानं वासरू खसाखसा चोळा. त्यानं अंग वाळतं आणि श्वासही मोकळा होतो. बेंबीची नाळ दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधा, खाली उकळलेल्या कात्रीनं कापा आणि टिंक्चर आयोडीन लावा. मग पाचटाच्या जाड गादीवर ठेवा आणि अंगावर गोणपाटाची झूल बांधा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. अनेक घरांत वडीलधारी सांगतात, ‘जार पडू दे, मग चीक पाज.’ त्यांचा मान राखा, पण हे एक ऐकू नका. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढण्याची ताकद जवळजवळ नसते. ती चिकातूनच मिळते. आणि चिकातली ही ताकद आतड्यातून रक्तात जाण्याचं दार तासातासाला मिटत जातं, दिवसभरात जवळजवळ बंद होतं. जार पडायला कधी आठ तास लागतात, कधी दहा. तेवढ्यात वासराची संधी हुकते. म्हणून अर्ध्या-एक तासात पहिला चीक पाजा. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक तीन-चार वेळांत विभागून द्या. पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर. सड ओढल्यानं जार पडायला मदतच होते. करडांनाही हाच नियम.

जार बारा तासांत पडला नाही, तर ओढू नका, त्याला वजनही बांधू नका. पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते.

कोंबड्या अंडी का थांबवतात?

घरची माणसं म्हणतात, गारठ्यानं थांबल्या. गारठा थोडा कारण आहेच, पण खरं कारण उजेड. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा होतो. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. वीज नसली तरी सौर कंदील असेल, तर पहाटे दोन-तीन तास खुराड्यात टांगा. रोज एकाच वेळी, खंड न पाडता. रॉकेलचा दिवा मात्र खुराड्यात ठेवू नका. एक फडफडाट झाला की पाचट पेटेल.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. विजेशिवाय ती रात्रभर टिकवणं अवघड. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत विकतची पिल्लं आणू नका. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवा. एकवीस दिवसांत पिल्लं निघतील आणि त्यांची शेगडी त्यांची आईच होईल.

गोबरगॅस आणि सौर दिवा

हिवाळ्यात गॅस कमी येतो, याचा अर्थ संयंत्र बिघडलं असा नाही. शेण कुजवणारे जंतू ३५ अंशांच्या आसपास जोमात असतात, गारठ्यात मंदावतात. काला सकाळी गार पाण्यात करू नका. पाण्याची बादली उन्हात ठेवा आणि दुपारी शेणाइतकंच पाणी घालून काला सोडा. घुमटाभोवती पाचट किंवा अर्धवट कुजलेलं खत रचा. एक घनमीटर गॅसला साधारण पंचवीस किलो ताजं शेण लागतं, त्या हिशेबानं भरणा पुरा ठेवा. सौर पाटीवरचं दव आणि धूळ रोज सकाळी पुसा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पाटीचं तोंड दक्षिणेला ठेवून ती जरा जास्त तिरकी करा.

शेगडीनं घात करू नका

भगिनींनो, हे खास तुमच्यासाठी. लेकरं गारठतात म्हणून घमेल्यात निखारे घेऊन खोलीत ठेवायचे आणि दार लावून निजायचं, ही पद्धत जिवावर बेतते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर संपला म्हणजे धोका संपला असं समजू नका. डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते आणि झोपेतलं माणूस झोपेतच जातं. अंग शेकायचं ते बाहेर ओट्यावर. निजताना निखारे बाहेर काढून पाण्यानं विझवा आणि घोंगडी, गोधडी वाढवा. कुणाला असा त्रास झालाच, तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. गोठ्यातही रात्रीची शेकोटी नको. एक ठिणगी पुरते.

अंधार पडल्यावर

जुन्नर, नाशिक, नगरकडच्या मंडळींना सांगायला नको. ऊसतोडीत बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. शेळ्या, करडं नुसत्या कुडात ठेवू नका. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. गोठ्यामागचं गवत साफ ठेवा, लेकरांना अंधारात एकटं पाठवू नका आणि उघड्यावर निजू नका. बिबट्या दिसला किंवा जनावर मारलं गेलं, तर वनखात्याला १९२६ वर कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, नाहीतर भरपाईला अडचण येते.

झोपण्यापूर्वी एक फेरी मारा

कंदील घ्या आणि पाच गोष्टी बघा. पडदे खाली आहेत का? अंथरूण कोरडं आहे का? गव्हाणीत कोरडा चारा आहे का? शेळ्यांच्या दाराला कडी आहे का? घरातले निखारे विझले का? या फेरीला दहा मिनिटं लागतात. दिवसभराच्या राबण्यानंतर ती जिवावर येते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण सकाळी उठल्यावर गोठ्यात सगळी जनावरं उभी आणि घरात सगळी माणसं हसती दिसावीत, यासाठीच तर हा सारा खटाटोप.

हे पत्रक वाचून झालं की गोठ्याच्या मेढीला टांगून ठेवा आणि शेजारच्या वस्तीवरही वाचून दाखवा. राम राम!