काळ्या समुद्रात कुजणं थांबत नाही

काळ्या समुद्रात साधारण शंभर ते दीडशे मीटरखाली ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. तिथून दोन हजार मीटरहून खोल तळापर्यंत पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेलं आहे. अशा पाण्यात काही जगत नाही आणि काही कुजतही नाही, म्हणून जिवांच्या खुणा टिकतात, असं सर्रास सांगितलं जातं. यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. सडक्या अंड्यासारखा वास असलेला तो वायू येतो मुळात कुजण्यातूनच. ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू मेलेल्या पेशी फस्त करतात आणि सल्फाइड सोडतात. वर सुमारे शंभर मीटरवर, जिथे उजेड नावापुरताच पोचतो, तिथे हरित गंधक-जिवाणू हेच सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करतात.

या जिवाणूंचा डीएनए आणि प्रथिनं कोट्यवधी वर्षं टिकत नाहीत. टिकतो तो मेदरेणूंचा आणि रंगद्रव्यांचा कार्बनी सांगाडा. हरित गंधक-जिवाणूंचं आयसोरेनिएरॅटिन हे रंगद्रव्य दुहेरी बंधांनी भरलेलं, म्हणजे सहज मोडणारं. पण गाळातलं सल्फाइड नेमकं त्या बंधांवरच जाऊन बसतं आणि रेणू एकमेकांना जखडले जातात. टायरचं रबर गंधकाने पक्कं करतात, तसंच. हा गुंता जिवाणूंना सहजी पचत नाही. प्रयोगशाळेत निकेल वापरून गंधक काढून टाकलं की आतला सांगाडा सुटा होतो. यावर कोणी म्हणेल, श्रेय शेवटी ऑक्सिजनच्या अभावाचंच. त्याचा वाटा आहेच. गाळ उकरणारे किडे तिथे नसतात, थर जसेच्या तसे राहतात. मात्र गाळात लोह मुबलक असेल तर सल्फाइड आधी त्याच्याशी जुळून पायराइट बनतं आणि सेंद्रिय रेणूंच्या वाट्याला थोडंच गंधक उरतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे खडकांच्या गाळात लोह कमी होतं, आणि तिथलं सेंद्रिय द्रव्य गंधकाने गच्च भरलेलं आहे. ऑक्सिजनचा अभाव पुरेसा असता, तर लोहाने एवढा फरक पडला नसता.

हे रेणू नंतर बाहेरून शिरलेले असतील, ही शंका जास्त वजनदार आहे. 1999 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या 270 कोटी वर्षं जुन्या खडकांतून मेदरेणूंचे असे सांगाडे मिळाल्याचं जाहीर झालं. काटेकोर काळजी घेऊन नव्याने काढलेल्या नमुन्यांत ते आढळले नसल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, आधीचे बाहेरून लागलेले ठरले. म्हणूनच कार्बनच्या समस्थानिकांची साक्ष मोलाची: हरित गंधक-जिवाणू कार्बन वेगळ्या मार्गाने घेतात, त्यामुळे त्यांच्या रेणूंत जड कार्बन शैवालांच्या रेणूंपेक्षा जास्त असतो. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या 164 कोटी वर्षांपूर्वीच्या बार्नी क्रीक खडकांत तर जांभळ्या गंधक-जिवाणूंच्या रंगद्रव्याचा सांगाडाही मिळाला आहे. हे जिवाणूही सल्फाइड वापरतात, पण त्यांना हरित गंधक-जिवाणूंपेक्षा जास्त उजेड लागतो. म्हणजे तिथल्या पाण्यात सल्फाइड पृष्ठभागाच्या बरंच जवळ आलेलं होतं.