आकाशात तास, जमिनीवर दिवस

१९४९ च्या जानेवारीअखेरीस नागपूरच्या विमानतळावर एक व्यवस्था सुरू झाली. तिची आठवण आज नागपुरातही फारशी कुणी काढत नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री टपालाचे थैले घेऊन एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत प्रत्येक विमान आपापल्या शहराची वाट धरी. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटपाला मिळू लागले. तेव्हाचे दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा या योजनेमागे आग्रह होता, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेही जादा हशील न घेता विमानाने जाऊ लागली. यातली विमाने मात्र अगदी साधी, युद्धातून उरलेली डाकोटा, ताशी तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर उडणारी. नवे होते ते वेळापत्रक, थैल्यांची वर्गवारी आणि अंधारात तासाभरात माल या विमानातून त्या विमानात हलवण्याची शिस्त. पुढे १७ एप्रिल १९७३ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये फेडरल एक्सप्रेसने १४ छोट्या जेट विमानांनिशी २५ शहरांसाठी १८६ पाकिटे हलवली. सगळा माल रात्री एका मध्यवर्ती ठिकाणी आणून वाटायचा, ही त्यामागची कल्पना जगभर नावाजली गेली. नागपूर ते काम चोवीस वर्षे आधीपासून करत होते.

हवाई मालवाहतुकीच्या शंभरेक वर्षांकडे वळून पाहताना हे उदाहरण आधी घेण्याचे कारण आहे. हा इतिहास एरवी विमानांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९१० च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेटनहून कोलंबसला राईट बंधूंच्या विमानातून रेशमी कापड गेले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. या घटना खऱ्या आहेत आणि कौतुकाच्याही आहेत. पण त्यांच्या कडेला पडलेले तपशील वेगळेच बोलतात. टाटांच्या त्या विमानासाठी अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीतून. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून चार महिने सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. उडणे जमले होते, अडत होते ते उतरणे. माझे म्हणणे एवढेच की विमानाने जाणाऱ्या मालाचा वेग पहिल्यापासून आजपर्यंत प्रामुख्याने जमिनीवर ठरत आला आहे, आणि धोरण आखणाऱ्यांची व माल पाठवणाऱ्यांचीही नजर मात्र आकाशाकडे लागलेली राहिली.

याचा सर्वांत मोठा पुरावा बर्लिनचा. १९४८ च्या जूनमध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वे तोडली. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत अमेरिका आणि ब्रिटनने पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या करून सुमारे २३ लाख टन माल त्या शहरात उतरवला. त्यातला सुमारे दोन तृतीयांश चक्क कोळसा होता. ही कामगिरी सांभाळणारे विल्यम टनर याआधी आसामातून हिमालयावरून चीनला रसद पोहोचवण्याचे काम पाहून आलेले होते. बर्लिनला त्यांनी पहिली बंदी घातली ती वैमानिकांनी विमान सोडून चहापाण्याला जाण्यावर. खाणे गाडीतून विमानापाशी येई, हवामानाची माहिती देणारा अधिकारी जीपमधून येई, आणि तोवर माल उतरवणारी टोळी कामाला लागलेली असे. यावर कुणी म्हणेल की टनर यांनी छोटी विमाने काढून मोठी आणली, म्हणजे शेवटी विमानच महत्त्वाचे ठरले. मोठी आणली हे खरे, पण का, ते पाहावे. साडेतीन टनांचे छोटे विमान जमिनीवर तिरके उभे राही, त्यामुळे ते रिकामे करायला दहा टनांच्या विमानाइतकाच वेळ लागे. टनर यांनी विमान निवडले ते उतरवणाऱ्या हातांचा हिशेब करून.

कागदाची गोष्टही जमिनीवरचीच. १९२९ च्या वॉर्सा कराराने विमानमालाला एक सर्वमान्य कागद दिला. भारतात त्यासाठी १९३४ मध्ये कायदा झाला. आज आपण ज्याला एअरवे बिल म्हणतो तो हाच कागद. त्याच्या तीन मूळ प्रती असतात: हिरवी विमान कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची, निळी पाठवणाऱ्याची. जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगपेक्षा याचा स्वभाव निराळा आहे. जहाजाचा कागद मालकीहक्क देतो, तो हातोहात विकता येतो, बँकेत ठेवता येतो. एअरवे बिल म्हणजे पावती आणि करार, त्यापलीकडे काही नाही. कारण उघड आहे. माल कागदाच्या आधी पोहोचतो, मग कागदाच्या खरेदी-विक्रीला अवकाश कुठला? नवा निर्यातदार इथे हमखास फसतो. जहाजाच्या सवयीने तो पैसे हाती येण्याआधी थेट खरेदीदाराच्या नावे माल पाठवतो, आणि खरेदीदार एक दमडी न देता माल सोडवून घेऊन जातो. म्हणून जाणते लोक माल खरेदीदाराच्या बँकेच्या नावे पाठवतात.

मग जेट आले आणि १९७२ मध्ये लुफ्तान्साचे नाक उघडणारे पहिले मालवाहू ७४७ आले. सुमारे शंभर टन माल एका फेरीत! माझ्या मुद्द्यावरचा सगळ्यांत जड आक्षेप हाच आहे, की या एका विमानाने धंद्याचे रूप पालटले. ते पालटले हे मान्य. पण शंभर टन माल खोका-खोका करून हमालांनी चढवायचा ठरवला असता, तर ते विमान दिवसभर धावपट्टीशेजारी उभे राहिले असते. ७४७ चालले ते पॅलेटमुळे. ॲल्युमिनियमच्या सपाट फळीवर माल आधीच रचायचा, जाळीने आवळायचा आणि विमानाच्या जमिनीतल्या रोलरवरून आत ढकलायचा. म्हणजे विमान यायच्या आधीच काम गोदामात उरकलेले असते. दरही जागेशी बांधला गेला. सहा हजार घनसेंटिमीटरला एक किलो धरून आकारमानाचे वजन काढतात, आणि तराजूवरचे व हे यांतले जे जास्त त्याचे पैसे लागतात. साठ बाय पन्नास बाय चाळीस सेंटिमीटरचा गुलाबांचा खोका तराजूवर नऊ किलो भरला, तरी बिल वीस किलोंचे येते. तळेगावच्या हरितगृहांतून व्हॅलेंटाइन डेसाठी फुले पाठवणाऱ्यांना हे गणित तोंडपाठ असते. खोका दोन बोटे लहान करणे हीच त्यांच्या हाती असलेली भाडेकपात.

मोठ्या रुंद विमानांनी आणखी एक गोष्ट केली, ती जवळजवळ नकळत. प्रवाशांच्या पायाखाली, सामानाच्या शेजारी, मालाला भरपूर जागा तयार झाली. या पोटातल्या जागेतून कोविडपूर्व काळात जगातला साधारण निम्मा विमानमाल जात होता. आपण लंडनला जाताना पायाखाली औषधांचे खोके आणि भेंडीच्या पेट्या असतात, याचा पत्ता प्रवाशाला नसतो.

एवढे सगळे होऊनही वेळ किती वाचला? २०१४ मध्ये आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे प्रमुख टोनी टायलर यांनी भर परिषदेत सांगितले की विमानमालाला दारातून दारात पोहोचायला सरासरी साडेसहा दिवस लागतात, आणि कित्येक दशकांत त्यात फरक पडलेला नाही. मुंबईहून फ्रँकफर्टचे उड्डाण आठ-नऊ तासांचे. उरलेले दिवस कुठे जातात हे मुंबई विमानतळाच्या सहार इथल्या कार्गो संकुलाशी संबंध आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. फॉरवर्डर जागा राखतो, कस्टम ब्रोकर शिपिंग बिल भरतो, ट्रक फाटकाबाहेर रांगेत थांबतो, वजन-मोजमाप होते, क्ष-किरण तपासणी होते, कस्टमची मंजुरी येते, मग पॅलेटवर रचणे आणि शेवटी विमान. उतरल्यावर हेच उलट्या क्रमाने, वर डेमरेजची, म्हणजे माल वेळेत न उचलल्याच्या आकाराची, टांगती तलवार. यातल्या प्रत्येक कामाला मिनिटेच लागतात. दिवस जातात ते दोन कामांच्या मधल्या वाट पाहण्यात.

तपासणी नको का, असा प्रश्न यावर येतो आणि तो रास्त आहे. २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या पार्सलांत प्रिंटरच्या काडतुसांत दडवलेली स्फोटके सापडली. त्यानंतर मालाची छाननी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण तपासणी आणि खोळंबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हापूसचे उदाहरण घ्या. अमेरिकेने कीड जाण्याच्या भीतीने भारतीय आंब्याला वर्षानुवर्षे दार बंद ठेवले होते. विमाने तेव्हाही रोज जात होती. ते दार २००७ मध्ये उघडले ते भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. कांद्यासाठी उभारलेल्या जागी आंबा विकिरित होऊ लागला. २०१४ च्या मेपासून युरोपीय संघाने फळमाशीमुळे हापूस रोखला. ती बंदी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला उठली, तीही शेतापासून पॅकिंगगृहापर्यंतची तपासणी सुधारल्यावर. वाशीला राज्याच्या पणन मंडळाने उभारलेल्या प्रक्रिया सुविधा याच धड्यातून आलेल्या. इथे तपासणी वाढली आणि तरी व्यापार वाढला, कारण ती विमानतळाच्या फाटकावरून उचलून आधी, योग्य जागी नेली गेली. तपासणी सुटसुटीत जागी आणि ठरल्या वेळी झाली तर ती मालाला अडवत नाही.

कोविडने उरलीसुरली शंका मिटवली. २०२० च्या मार्चअखेरीस आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली आणि पोटातली जागा एका रात्रीत नाहीशी झाली. भाडी कडाडली. प्रवासी विमानांच्या आसनांवर जाळ्या टाकून मास्कचे खोके बांधले गेले. मालवाहतूक प्रवाशांच्या तिकिटावर किती उभी होती, हे तेव्हा उघडे पडले. १२ जानेवारी २०२१ ला पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लसीचे पहिले ट्रक लोहगाव विमानतळाकडे निघाले आणि त्या दिवशी देशातल्या तेरा ठिकाणी लस रवाना झाली. दहा दिवसांत मुंबईहून भूतान, मालदीव आणि ब्राझीलला विमाने गेली. दोन ते आठ अंश तापमान टिकवायचे होते, आणि ते विमानात टिकवणे सोपे होते. तारेवरची कसरत होती धावपट्टीवरच्या उन्हात आणि उतरण्याच्या विमानतळापासून पुढच्या शीतगृहापर्यंत. ती बऱ्याच अंशी निभावली, कारण त्या वेळी कागद, पोलीस, कस्टम आणि गोदाम सगळे एकाच घड्याळावर चालले. एरवी हे होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विमानाने माल पाठवावाच का, असेही कुणी विचारील. वजनाच्या हिशेबात जगाच्या व्यापाराचा एक टक्काही विमानाने जात नाही, किमतीच्या हिशेबात मात्र सुमारे एक तृतीयांश जातो. म्हणजे हा महागड्या आणि नाशवंत मालाचा रस्ता आहे, आणि तसाच राहणे बरे. इंधन आणि धूर दोन्ही डोळ्यांआड करता येत नाहीत. २०२२ मध्ये महाराष्ट्रातून आंबा समुद्रमार्गे अमेरिकेला पाठवून पाहिला गेला, तो स्तुत्य प्रयोग होता. जहाजाचे तीन-चार आठवडे जो माल सोसतो त्याने जहाजानेच जावे. पण जो विमानाचे भाडे भरतो तो वेळ विकत घेतो, आणि तो वेळ गोदामात सडवला तर त्याने भाडे कशाचे भरले?

नागपूरबद्दल थोडे राहिले. शहर देशाच्या मध्यावर आहे, एवढ्या भांडवलावर मिहान या तिथल्या विमानतळ प्रकल्पाचे कार्गो हबचे स्वप्न वीसेक वर्षे सांगितले गेले. १९४९ मध्ये हीच भौगोलिक सोय कामी आली होती, हे खरे. पण तेव्हा थैले सरकारच भरत होते. आज हब तिथे होते जिथे निर्यातयोग्य माल, पोटात जागा असलेली भरपूर उड्डाणे आणि रात्रभर जागे असलेले कस्टम एकत्र येतात. नकाशावरचा मध्य हा त्यांतला एकही नव्हे. म्हणून दिल्ली पुढे गेली आणि नागपूर मागे राहिले.

आता नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. पहिल्या टप्प्यात वर्षाला पाच लाख टन मालाची क्षमता सांगितली आहे. न्हावाशेवा बंदर जवळ, वाशीचा बाजार जवळ, पुणे-तळेगावही फार लांब नाही. टनांचे आकडे उद्घाटनाच्या फलकांवर शोभतात, निर्यातदाराला ते उपयोगी नाहीत. त्याला हवा तो आकडा वेगळा आहे: ट्रक फाटकात शिरल्यापासून माल विमानात चढेपर्यंत किती तास, आणि उतरल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत किती. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने आणि कस्टमने सहार आणि नवी मुंबई या दोन्ही ठिकाणचे हे तास दरमहा, मालाच्या प्रकारानुसार जाहीर करावेत.